वंशावळ आणि हृदयाचा दाह

नंदगडचे नाव घेतले की इतिहासाची आवड असलेल्या वाचकांपुढे एकच मृत्यू उभा राहतो. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा एकनिष्ठ सेनानी संगोळ्ळी रायण्णा यास कंपनी सरकारने 26 जानेवारी 1831 रोजी या गावी फाशी दिले. त्या मृत्यूची तारीख ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, कारणही ठाऊक आहे. परंतु गोव्याच्या वाटेवरील या पेठेत ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केला, शेती केली, देवस्थानाची सेवा केली, त्यांच्या घरांतील अकाली मृत्यूंविषयी लेखी असे काय उरले आहे? वाटणीच्या दाव्यांत दाखल होणाऱ्या वंशावळी तेवढ्या उरल्या आहेत. आमच्यासारख्या दिवाणी वकिलास त्या वाचाव्या लागतात. मूळ पुरुष, त्याचे तीन पुत्र, थोरल्याचा वंशविस्तार, धाकट्याचा वंशविस्तार, आणि मधल्याच्या नावाखाली दोनच शब्द : ‘निःसंतान मयत’. न्यायालयास तेवढे पुरते, कारण त्याचा हिस्सा कोणाकडे गेला हे त्यातून कळते. तो कशाने गेला, हे कोणी विचारीत नाही.

ही रीत आजची नव्हे. नंदगडपासून फार दूर नसलेल्या हलशी या कदंबांच्या जुन्या राजधानीत जे ताम्रपट सापडले, त्यांत काकुस्थवर्मा, शांतिवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा अशी राजांची परंपरा कोरलेली आहे. दान कोणी दिले, कोणास दिले, ते मोडणाऱ्यास कोणते पाप लागेल, हे सारे त्यांत आहे. मरणाचे कारण मात्र नाही. वंशावळ मालमत्तेसाठी आणि पुण्यासाठी राखावयाची, आरोग्यासाठी नव्हे, ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. या समजुतीची जी किंमत काही घराणी देत आली, तीच या लेखाचा विषय आहे.

हृदयाच्या स्नायूचेच काही विकार असे आहेत की जे वंशपरंपरेने येतात. रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका निराळा. येथे वाहिन्या स्वच्छ असतात, आणि तरीही स्नायू जाड होतो, फुगतो, किंवा त्याच्या जागी चरबी आणि व्रणाची निर्जीव दोरी तयार होते. डॉक्टर यास कार्डिओमायोपॅथी म्हणतात. कोंकणीत ‘काळीज’ म्हणजे सरळसरळ हृदय. मराठीत त्या शब्दाने कधी यकृत, कधी हृदय, तर कधी नुसते धैर्य सूचित होते. या लेखापुरता आम्ही कोंकणी अर्थ स्वीकारतो. सुश्रुताने व्याधींचे वर्ग पाडताना मातापित्यांच्या शुक्रशोणितातून येणाऱ्या व्याधींना ‘आदिबलप्रवृत्त’ असे वेगळे नाव दिले. मात्र उदाहरणे दिली ती कुष्ठ आणि अर्श यांची. हृद्रोगाचे पाच प्रकार आपल्या वैद्यकात सांगितले आहेत खरे, पण त्यांना कुळाशी जोडलेले आढळत नाही. ते जोडण्यासाठी मृत तरुणांची हृदये उघडून पाहावी लागणार होती.

ती उघडली गेली ती एका कायद्यामुळे. इंग्लंडात अचानक व अज्ञात कारणाने मेलेल्या माणसाची चौकशी कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याकडे जाते. लंडनचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डोनल्ड टिअर हे अशा शवपरीक्षा करीत. 1958 मध्ये त्यांनी आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक तरुण होते आणि अचानक मरण पावले होते. दोन कप्प्यांमधील पडदा एकाच बाजूने विलक्षण जाड झालेला, आणि स्नायूचे तंतू एकमेकांत गुंतलेले, असे त्यांस दिसले. आदल्याच वर्षी वॉलेस ब्रिगडेन यांनी ‘कार्डिओमायोपॅथी’ हा शब्द रूढ केला होता. टिअर यांच्या निरीक्षणाचा धागा धरून 1960 मध्ये एका संपूर्ण कुटुंबाची तपासणी प्रसिद्ध झाली. 1961 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एका मोठ्या फ्रेंच घराण्याची हकीकत आली, आणि त्याच घराण्याच्या रक्तातून 1990 मध्ये या रोगाचा पहिला जनुकदोष हाती लागला. वकिलाच्या दृष्टीने सांगायचे तर प्रकरण मयताच्या चौकशीपासून निघाले, वंशावळीतून गेले आणि आरोपीपर्यंत पोचले.

आपल्याकडे असा कायदा नव्हता असे नाही. 1871 चा कॉरोनर्स ॲक्ट मुंबई आणि कलकत्ता या शहरांस लागू होता, आणि ‘अज्ञात कारणाने अचानक’ झालेला मृत्यू त्यात स्पष्ट शब्दांत नमूद होता. मुंबईचा कॉरोनर 1999 मध्ये इतिहासजमा झाला. परंतु तो होता तेव्हाही त्याची हद्द मुंबईपुरतीच होती. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखालील पंचनामाच काय तो लागू. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 ने घेतली आहे. हे कलम आत्महत्या, खून, अपघात, जनावराने किंवा यंत्राने आलेले मरण, आणि संशयास्पद परिस्थिती यांच्यासाठी आहे. चोवीस वर्षांचा मुलगा कबड्डीच्या मैदानावर कोसळला आणि संशय कोणावर नाही, तर घरचे लोक त्यास घरी आणतात, ओळखीचे डॉक्टर ‘हृदय बंद पडून’ असे लिहून देतात, आणि सूर्यास्तापूर्वी चिता पेटते. हृदय बंद पडून कोण मरत नाही? असा दाखला कायद्यास चालतो, पण त्याने मागे राहिलेल्या भावास काहीच कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच आईबापांची दोन मुले. दोघांत तोच जनुकदोष. एक पंचविशीत जातो, दुसरा ऐंशी वर्षांचा होऊन नातवंडे खेळवितो. असे का व्हावे? ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ हे उत्तर आपल्या घरांत तयारच असते. गेल्या काही दशकांच्या संशोधनाने या प्रारब्धाचा एक भाग उलगडून दाखविला आहे, आणि त्याचे नाव आहे दाह.

ही गोष्ट इटलीतील पादुआ येथे सुरू झाली. व्हेनेतो प्रांतात अचानक मेलेल्या तरुणांची हृदये तेथील विद्यापीठात तपासली जात. 1988 मध्ये गाएतानो त्येने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पस्तीस वर्षांखालील अशा 60 मृतांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी 12 जणांच्या उजव्या कप्प्याचा स्नायू चरबी आणि व्रण यांनी खाल्लेला होता. काही हृदयांत या व्रणांच्या कडेला दाहाच्या पेशी जमलेल्या आढळल्या. 1996 मध्ये क्रिस्तिना बास्सो यांनी अशी 30 हृदये पाहिली. 20 हृदयांत ठिकठिकाणी दाह होता. तेव्हा विद्वानांत वाद माजला. काहींचे म्हणणे असे की हा विषाणूचा संसर्ग आहे, आनुवंशिक रोग नव्हेच. दुसऱ्यांचे म्हणणे असे की स्नायू मेला म्हणून सफाईस पेशी आल्या. आग विझल्यावर बंबाची गाडी दिसली म्हणून तिनेच आग लावली असे म्हणता येत नाही.

या वादाचा निकाल ग्रीसच्या नाक्सोस बेटाने निम्मा लावला. त्या बेटावर निकोस प्रोटोनोतारिओस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या ध्यानात आले की काही घराण्यांतील मुलांचे केस जन्मतः लोकरीसारखे असतात, चालूकामाला लागल्यावर तळहात व तळपाय जाड होतात, आणि तारुण्यात याच मुलांचे हृदय बिघडते. 1986 मध्ये त्यांनी चार कुटुंबांतील नऊ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केस, कातडी आणि काळीज यांचा एकमेकांशी संबंध काय? तो 2000 मध्ये कळला. या तिन्ही ठिकाणी पेशी एकमेकींस रिवेटसारख्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. प्लाकोग्लोबिन नावाचे प्रथिन त्या सांध्याचा एक भाग आहे, आणि नाक्सोसच्या रुग्णांत तेच सदोष होते. पुढे डेस्मोप्लाकिन आदी त्याच सांध्यातील इतर प्रथिनांचे दोष सापडत गेले. आम्हांस या कथेत सर्वांत अधिक भावते ते हे की शोधाचा आरंभ एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत झाला नाही. बेटावरच्या घरांना नावानिशी ओळखणाऱ्या, आणि कोणाची आत्या कोणाच्या घरी दिली हे ठाऊक असलेल्या डॉक्टराकडून तो झाला.

सांधा कच्चा असला की हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर पेशींवर ताण येतो, आणि जोरदार व्यायामात तो कित्येक पटींनी वाढतो. पेशी सुटतात, मरतात. तेथे दाह होतो. दाह ओसरला की व्रण उरतो. आणि त्या व्रणाभोवती हृदयाचा विद्युत्प्रवाह वाट चुकून गरगरू लागतो. अचानक मृत्यू येतो तो या गरगरण्याने. 2019 मध्ये स्टीफन चेल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. सदोष सांध्याच्या स्नायुपेशी स्वतःच दाहाचा आदेश देणारी यंत्रणा चालू ठेवतात, आणि ती यंत्रणा औषधाने रोखली असता उंदरांचा रोग बराचसा थोपविला गेला. म्हणजे बंबाची गाडी केवळ मागाहून आलेली नव्हती. आगीत तिचाही हात होता. माणसांत असा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘सूज उतरविणारे’ काढे व गोळ्या घेऊन कोणी घरीच प्रयोग करू नयेत.

परंतु या शोधाचा एक उपयोग आजच होण्याजोगा आहे. 2020 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी डेस्मोप्लाकिनचा दोष असलेल्या 107 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे 15 टक्क्यांना कधी ना कधी छातीत तीव्र वेदना उठून हृदयाच्या स्नायूस इजा झाली होती, आणि अशा प्रसंगांस पूर्वी पुष्कळदा साधा हृद्दाह समजले गेले होते. आपल्या भागात हेच कसे घडत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. वीस वर्षांच्या मुलीच्या छातीत दुखू लागते. बेळगावास नेतात. रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले, वाहिन्या मात्र स्वच्छ. ‘तापाचा विषाणू हृदयापर्यंत गेला होता, आता बरे आहे,’ असे सांगून तिला घरी पाठवितात. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण जर तिचा मामा तिशीत झोपेत गेला असेल, आणि आजोळच्या एका मुलाला वारंवार भोवळ येत असेल, तर तो ताप नव्हे. आजोळकडून आलेला दोष त्या दाहाच्या रूपाने प्रथमच बोलू लागला आहे. डॉक्टरांनी मामाविषयी विचारले नाही, आणि घरच्यांनी सांगितले नाही, तर ती संधी गेली.

याच्या उलट बाजूही आहे. हृदयातील प्रत्येक दाह वंशातून येत नाही. हैदराबाद येथील डॉ. सी. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखविले की जीवघेण्या जलद ठोक्यांच्या काही भारतीय रुग्णांत क्षय किंवा सार्कोइड यांच्या गाठींचा दाह हृदयात असतो. त्याला निश्चित औषध आहे. तेव्हा कुळाचा दोष म्हणून हात टेकणे हेही तितकेच घातक होय.

जाड होणाऱ्या स्नायूच्या रोगातही दाहाचा हात असल्याचा पुरावा पुढे येत आहे. 2012 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या हृदयात मंद दाह आणि व्रण यांचा संबंध दाखविला. आपल्या देशाच्या दृष्टीने या रोगाची कथा विशेष आहे, आणि ती न्यायालयीन कथेसारखी वळणावळणाची असल्यामुळे आम्ही ती मुद्दाम सांगतो. 2009 मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील के. थंगराज, पेरुंदुराई दंडपाणी आणि इतरांनी जाहीर केले की अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातून 25 अक्षरे गळालेली असणारे लोक दक्षिण आशियात शेकडा सुमारे 4 आहेत, आणि त्यांना हृत्स्नायुविकाराचा धोका सुमारे सातपट आहे. हा बदल सुमारे 33,000 वर्षांपूर्वीचा असावा असे त्यांनी गणित मांडले. जात, प्रांत, भाषा यांच्या भिंती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीचा तो वारसा! कदंब नव्हते, गोमंतक हे नाव नव्हते, आणि आपण सारे ज्यांच्यावरून भांडतो त्या सीमाही नव्हत्या.

परंतु आरोपी सापडला म्हणून खटला संपत नाही. ही 25 अक्षरे गळालेली बहुसंख्य माणसे निरोगी आढळतात, याचा उलगडा होईना. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेरतपासणी केली. तेव्हा असे निघाले की त्याच जनुकात, त्याच गुणसूत्रावर, काही लोकांत आणखी एक बारीकसा बदल शेजारी बसलेला असतो, आणि धोक्याचा मोठा भाग त्या शेजाऱ्याचा आहे. अकरा वर्षे दोषी ठरलेला आरोपी बराचसा निर्दोष. त्याच्या बरोबर प्रवास करणारा खरा गुन्हेगार. यावरून आम्ही एकच व्यवहार्य गोष्ट सुचवितो. कोठल्यातरी खाजगी प्रयोगशाळेचा कागद हाती आला आणि त्यावर जनुकबदलाचा उल्लेख दिसला, तर आनुवंशिकशास्त्राच्या जाणत्यास दाखविल्याखेरीज कोणा मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडू नये.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर गोत्राविषयी दोन शब्द. आपले पुष्कळ वाचक असे मानतात की सगोत्र विवाह टाळला की आनुवंशिक रोग टळतात. गोत्र हे पित्याकडून पुत्राकडे जाते. हृदयाचे हे दोष सहाव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या गुणसूत्रांवर बसलेले आहेत, आणि ती गुणसूत्रे मुलास आई व बाप या दोघांकडून सारखीच मिळतात. जाड स्नायूचा रोग बहुधा एका बाजूनेच आलेल्या दोषाने होतो, म्हणून वधूवरांचे गोत्र काहीही असो, दर अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. नाक्सोससारखा रोग मात्र दोन्ही बाजूंनी दोष आला तरच होतो. गोत्र वेगळे असूनही आपल्या सीमाभागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंडाचा निषेध केला तरी रूढीस मुभा ठेवली आहे. अशा दुहेरी दोषास वाट तेथूनच मिळते. गोत्र पाहणाऱ्या वडिलांनी मुलीच्या आजोळच्या अकाली मृत्यूंचीही चौकशी करावी, इतकेच आमचे म्हणणे.

घरे मात्र लपवितात, आणि लपविण्याचे कारण लग्नच असते. ‘त्यांच्याकडची माणसे अशीच जातात’ असे एकदा पडले की धाकट्या बहिणींची स्थळे परततात. हे भय खोटे नाही. त्यास हसणाऱ्यांतले आम्ही नव्हे. कायदा येथे काय म्हणतो? विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने अशी तरतूद झाली की प्रतिपक्षाविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून दडविली असेल तर विवाह रद्द करण्यास मागता येतो, आणि फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ज्ञात असलेला गंभीर रोग दडविणे या कलमात येऊ शकते. केवळ जनुकात बदल असणे आणि रोग असणे या दोन गोष्टी मात्र आमच्या मते भिन्न आहेत, आणि पहिलीस दुसरीची शिक्षा देणे अन्यायाचे होईल.

दुसरे भय विम्याचे. याबाबत एक निकाल वाचकांनी लक्षात ठेवावा. जाड स्नायूच्याच रोगाच्या एका विमेदाराचा 2011 मधील खर्चाचा दावा विमा कंपनीने ‘आनुवंशिक रोग वगळलेले आहेत’ या अटीवर नाकारला. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी अशी सरसकट अट समतेच्या हक्काविरुद्ध ठरविली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण विमा नियामकाने 2018 मध्येच कंपन्यांना अशा कारणावरून दावे नाकारू नयेत असे कळविले, आणि 2019 च्या नियमांत आनुवंशिक रोग सरसकट वगळण्यास मनाई केली. आरोग्यविम्यापुरते तरी, कुटुंबातील रोग उघड केल्याने दार बंद होईल ही समजूत आज तितकी खरी नाही.

2025 मध्ये हासन जिल्ह्यातील तरुणांच्या मृत्यूंवरून गदारोळ उठल्यानंतर कर्नाटक सरकारने रुग्णालयाबाहेर होणाऱ्या अचानक मृत्यूंची नोंद व शवपरीक्षा करण्याचे धोरण जाहीर केले. ते खानापूर तालुक्यातील गावांपर्यंत कसे पोचते, यावर त्याचे मोल ठरेल. शवपरीक्षेस आपल्या लोकांचा विरोध धर्माच्या नावाने होतो, तेव्हा आम्हांस सुश्रुताची आठवण द्यावीशी वाटते. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, थर थर उलगडून, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज शल्यवैद्याचे ज्ञान पुरे होत नाही असे त्याने सांगितले आहे. आणि आपल्याच मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड 1851 मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत होते. शवविच्छेदन शिकलेल्या त्या माणसाने पुढे प्राचीन शिलालेखही वाचले.

इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची हृदयाच्या विद्युत्‌आलेखासह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात 1979-80 ते 2003-04 या काळात अशा खेळाडूंतील अचानक मृत्यूंचे प्रमाण शेकडा 89 ने घटले. आपल्याकडे उद्या तसा कायदा होणार नाही. परंतु ज्या घरात एखादा तरुण असा गेला आहे, त्याच्या आईबापांनी, भावंडांनी आणि मुलांनी विद्युत्‌आलेख आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पहिली तपासणी निर्दोष निघाली तरी काही वर्षांच्या अंतराने ती पुन्हा करावी, कारण हे दोष तारुण्यात किंवा त्यानंतरही प्रकट होतात. खानापूर तालुक्यात ग्रामदेवतेची मोठी यात्रा अनेक वर्षांच्या अंतराने भरते. तेव्हा मुंबई, पुणे, गोवा येथे पांगलेले भाऊबंद आणि माहेरवाशिणी एकाच घरात उतरतात, आणि चार पिढ्यांची आठवण असलेली एखादी आजी ओसरीवर बसलेली असते. तिच्याजवळ कागद घेऊन बसावे. प्रत्येक नावापुढे मृत्यूचे वय लिहावे, आणि तो माणूस कसा गेला हे तिच्याच शब्दांत : झोपेत गेला, धावताना गेला, विहिरीत पोहताना गेला, की तापानंतर छाती धरून गेला. मुलींकडच्या शाखाही सोडू नयेत. दाव्याच्या वंशावळीत त्या पुष्कळदा सुटतात.